पिवळं म्हणजे हळदीचं

माय, दुपारचे दोन वाजलेत आणि मी अजून जेवले नाही. डबा उघडला की हात कागदाकडे जातो. डोंगरकडा गावाच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर निंबाखाली बसले आहे. समोर बायकांची टोळी हळदीचं बेणं औषधात बुडवून काढते आहे आणि एकीचाही हात औषधात नाही. एकीचाही नाही! मी मघापासून ड्रमाभोवती चार चकरा मारून खात्री करून आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला आता फोटो लागतो, पण हे पाहिल्यावर सगळ्यात आधी तूच आठवलीस. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. साहेबांना फोन केला तर म्हणतील, अहवालात लिहा. हे अहवालात मावणारं नाही.

तुला हेही ठाऊक नाही की मी कृषी सहायक झाले. गावोगाव फिरते, कुठलं बियाणं, कुठलं औषध, किती आणि कधी, हे सांगते. लोक मला मॅडम म्हणतात. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगत फिरली असतीस. कुणाला भजनाचं वेड असतं, कुणाला नाटकाचं, मला औषधाच्या बाटल्यांवरच्या चौकोनाचं आहे. प्रत्येक बाटलीवर एक छोटा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. हे कुणाच्या मनाला वाटलं म्हणून ठरलेलं नाही. उंदरांना औषध देऊन बघतात. उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम पोटात गेलं की निम्मे उंदीर मरतात, तो आकडा. पन्नासापर्यंत असला तर लाल, पाचशेपर्यंत पिवळा, पाच हजारांपर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. कातडीतून किती गेलं की मरतात, त्याचा आकडा वेगळा. आकडा जितका लहान, तितकं औषध मोठं. परीक्षेत मार्कांचं याच्या बरोबर उलट असतं, म्हणून लोक गडबडतात. मी हे सांगायला लागले की मला तहानभूक राहत नाही, आणि का राहत नाही ते तुला कळायला हवं.

तुला तो दिवस आठवतो का? आपल्या हट्टा गावच्या शिवारात मालकाचं हळदीचं रान आहे. मे महिना आहे, शाळेला सुट्टी आहे, म्हणून मी तुझ्या मागे मागे आले आहे. लावणीच्या आधी बेणं औषधात बुडवायचं आहे. मालकाच्या गड्यानं अर्धा कापलेला ड्रम पाण्यानं भरला, बाटली तुमच्यासमोर ठेवली आणि तो मोटर चालू करायला गेला. झाकण काढल्याबरोबर असा भपकारा आला की बायका मागे सरल्या. एक म्हणाली, "कशाचं हाये गं हे?" तेव्हा तू केवढ्या तोऱ्यात म्हणालीस, "थांबा. माझी पोरगी वाचती." आपल्या गल्लीतली पाचवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच पोरगी. बाटली माझ्या हातात आली. अक्षरं मुंगीएवढी, सोबतचा घडीचा कागद उलगडला तर त्याच्यावर कितीतरी भाषा, त्यातली आपली कुठली तेही सापडेना. मला अक्षर काही लागेना. बायका माझ्या तोंडाकडे बघून राहिल्या होत्या. मग मला तो चौकोन दिसला, खाली पिवळाधमक. मी म्हणाले, "हळदीचं हाये. पिवळं म्हंजे हळदीचं." बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्याच एकीनं विचारलं, "अंगाला लागलं तर?" मी म्हणाले, "हळद लागल्यानं काय होतं?" सगळ्या हसल्या. हळद लागली की लग्न होतं, असं कुणीतरी म्हणालं, अजून हसल्या, आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत ड्रमात गेले. पहिला तुझा.

दुपार कलायच्या आत तुला घाम फुटला. उन्हाचा येतो तसा नाही, डोक्यावरून घागर ओतल्यासारखा. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, पोटात मुरडा. घरी आणून टाकलं तर भर उजेडात तू म्हणायला लागलीस, "दिवा लावा गं, अंधार काहून केला?" शेजारणी म्हणाल्या, ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. मी तुझ्या उशाशी बसून होते. दुसऱ्या दिवशी तू उठलीस, चहा केलास, तिसऱ्या दिवशी कामावर गेलीस. आणि वसमतच्या बाजारातून माझ्यासाठी निळ्या टोपणाचा पेन आणलास, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं म्हणून. त्या पेननं मी सातवीपर्यंत लिहिलं. मग मी बारावीत असताना तू न्यूमोनियानं गेलीस. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मी दोन डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. दोघंही नाही म्हणाले.

मला कळलं ते पदविकेच्या वर्गात. सर फळ्यावर ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं लिहीत होते, त्यात आपल्याकडे हळदीच्या बेण्याला लावतात ते क्विनॉलफॉसही होतं. सर सांगत होते, शरीरात एक नस दुसरीला निरोप देते, निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक द्रव्य असतं, आणि ही औषधं नेमका तो पुसणारा धरून ठेवतात. मग निरोप संपतच नाही. घाम सोड, लाळ सोड, आतडं आवळ, चालूच. टोळीत 'उठा' म्हणणारा आहे पण 'बसा' म्हणणारा कुणी नाही, असं मी आता बायकांना सांगते. आणि मग सर म्हणाले, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, माणसाला भर दिवसा अंधारून येतं. माय, मी वही तिथेच टाकून वर्गाबाहेर गेले. नळाखाली तोंड धरून उभी राहिले. सरांना वाटलं मला बरं नाही. त्या दिवसापासून मी बाटल्या वाचते. दुकानात, बांधावर, उकिरड्यावर टाकलेल्यासुद्धा.

आता कालचं ऐक. काल संध्याकाळी इथल्या वस्तीतल्या विहारात बायकांची बैठक घेतली. आज बेणं बुडवायचं होतं म्हणून मुद्दाम काल. मी चार चौकोन रंगवून नेले होते, हातमोज्यांचा गठ्ठा नेला होता. उंदरांचं सांगितलं तर टोळीची मुकादम बाई, पन्नाशीची, आवाज असा की तीन शेतं ओलांडून जाईल, म्हणाली, "आमी काय उंदीर हाव का मॅडम?" विहार हसून हसून खाली बसलं. मीही हसले. आकडा लहान तेवढं औषध मोठं, हे सांगितल्यावर मात्र तीच म्हणाली, "म्हंजे मूर्ती लहान न् कीर्ती महान." मला वाटलं, जिंकले! गठ्ठा सोडून हातमोजे वाटायला लागले तर तिनं हात मागे घेतला. "हातमोज्यात कोंब कळत न्हाई. मोडतोय. मालक बोंबलतो. अन् उद्याचं औषध पिवळं हाये."

मी म्हणाले, पिवळं म्हणजे लालच्या खालोखाल. ती शांतपणे म्हणाली, "न्हाई मॅडम. पिवळं म्हंजे हळदीचं. अंगाला लागलं तरी काई व्हत न्हाई."

हातातला गठ्ठा मी सतरंजीवर ठेवला. मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणते, "माझं माहेर हट्ट्याकडलं. माझी माय सांगायची. तिच्या टोळीत एका शिकेल पोरीनं बाटली वाचली व्हती, साऱ्या बायांच्या म्होरं. तवापासून आमी पिवळ्याला भेत न्हाई. हितं आल्यावर हितल्या बायांनाबी म्याच सांगितलं."

कळतंय का तुला? माझं वाक्य लग्न करून इकडे आलं होतं! भांड्याकुंड्यांबरोबर, रुखवताबरोबर आलं, इथे नांदलं, लेकीसुनांना शिकवलं गेलं. मी हट्टा सोडलं, शिकले, नोकरी केली, आणि ते माझ्या आधी इथे येऊन मुकादम बाईच्या तोंडात बसलं होतं. खरं तर मला हसूही आलं आणि मी धास्तावलेही. कारण तिच्या मांडीला मांडी लावून तिची सून बसली होती, पाचव्या महिन्यातली, आणि उद्या तिचेही हात त्या ड्रमात जाणार होते. कोपरापर्यंत. पिवळ्याला भ्यायचं नाही, म्हणून.

मी आधी मॅडमसारखी बोलले. नियम सांगितले, दवाखान्यात आलेल्या बायकांचं सांगितलं, पुन्हा चौकोन दाखवले. मुकादम बाई ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "तुमी एक सांगता, ती एक सांगत व्हती. तुमी चितर काढून सांगता. ती बाटली वाचून सांगत व्हती. शिकेल पोरगी खोटं कशाला बोलंल?"

मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणाले, ती पोरगी मी होते. मी खोटं बोलले होते.

मुकादम बाई उठली, माझ्याजवळ आली, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि बघत राहिली. "काहून सांगितलंस गं लेकरा असं?" एका दमात मॅडमचं लेकरू झालं! मीही सगळं शुद्ध बोलणं विसरले. म्हणाले, "वाचताच आलं न्हाई मला. अक्षरं बारीक व्हती. साऱ्या जणी माझ्याकडं बघून राहिल्या व्हत्या. रंग दिसला, ते सांगून दिलं." मला वाटलं आता ती चिडेल, निदान चार शब्द सुनावेल, आणि ते माझ्या हक्काचे होते. पण तिनं डोकं खाजवलं आणि विचारलं, "मंग आज खरं बोलून राहिलीस, हे कशावरून?"

माय, इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका नामी प्रश्न मला कुणी विचारला नाही. शपथेवर सांगते, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवा असं सांगायला मला तोंडच नव्हतं. मी पिशवीतून बाटली काढली, सील न तोडलेली, आणि म्हणाले, माझं ऐकू नका. तुमच्यातली कुणीही वाचा. सगळ्यांनी त्या सुनेकडे पाहिलं. ती दहावी पास. लाजत लाजत तिनं बाटली घेतली, चौकोनाच्या वरच्या भागावर बोट ठेवलं आणि पहिला शब्द सहज वाचला, "विष." तो लाल आणि ठळक असतो. मुकादम बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सुनेला मोबाईल दाखवत होते, घडीच्या कागदावरची मराठी ओळ शोधून तिचा फोटो कसा काढायचा आणि अक्षरं बोटांनी कशी मोठी करायची ते.

आणि मग ती पोरगी वाचायला लागली. अडखळत, एकेक ओळ. कातडीला लागू देऊ नका. हातमोजे घाला. लागलं तर साबणानं धुवा. काम झाल्यावर कपडे बदला. विषबाधेची लक्षणं, खूप घाम, लाळ, पोटात कळा, अंधुक दिसणं. इथं मागून एक म्हातारी एकदम म्हणाली, "आगं, माझी लाळ दरसाल गळती. म्या म्हनलं ऊन हाये." दुसरी म्हणाली, मलाही. तिसरी म्हणाली, मागच्या साली मी तर घराचं दारच ओळखलं नाही. एकीपाठोपाठ एक, सगळ्यांना आपापले मे महिने आठवले. सून वाचतच होती, उतारा अ‍ॅट्रोपिन, तो डॉक्टरांनीच द्यायचा, आणि दवाखान्यात जाताना बाटली नाहीतर लेबल सोबत न्यायचं. मुकादम बाईनं सगळं ऐकलं. मग सुनेच्या हातातून बाटली काढून माझ्या हातात दिली आणि तिला एवढंच म्हणाली, "उद्या तू डरमाकडं फिरकायचं न्हाई." मला नाचावंसं वाटलं. मी चहा प्यायले, दोन कप, आणि दोन्ही वेळा जीभ भाजून घेतली.

खरी गंमत आज सकाळची आहे. मी हातमोजे घेऊन हजर, तर मुकादम बाई म्हणाली, "घालू. पण कोंब मोडतोय त्याचं काय? ते तुझ्या कागदात लिहेल न्हाई." खरंच नाही लिहिलेलं! आणि तिनं आणलं काय होतं, तर कांद्याच्या जाळीच्या रिकाम्या पिशव्या आणि एक लांब बांबू. बेणं जाळीत भरायचं, तोंड बांधायचं, जाळ्या बांबूला अडकवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून बांबू ड्रमावर टेकवायचा. जाळ्या आत बुडतात, हात बाहेर. मोबाईलवर पंधरा मिनिटं लावायची, बांबू उचलायचा, औषध ड्रमातच निथळू द्यायचं, आणि सावलीत ताडपत्रीवर जाळी उलटी करायची. हातमोजे गाठ सोडण्यापुरते लागतात. कोंबाला कुणाचा हातच नाही, मग मोडेल कशाला? मालक आला, ताडपत्रीवर वाकून बघितलं, म्हणाला, "बराबर हाये हे. औषधबी कमी सांडून राहिलं." मी तिथे उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. सरकारी बाईनं बांधावर टाळ्या वाजवू नयेत, पण वाजवल्या. गेली कित्येक वर्षं मी हातमोजे वाटत फिरले आणि लोक ते झाडाला टांगत आले, आणि का टांगतात हे एकदाही बसून विचारलं नाही. सून तिकडे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली, कोरडं बेणं निवडत बसली आहे. मघाशी गेले तर मला म्हणाली, "मॅडम, दुकानात दुसऱ्या बाटल्या हायेत, त्याबी वाचू का?" वाच म्हटलं. सगळ्या वाच.

आत्ताच मुकादम बाई साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन माझ्या शेजारी येऊन बसली होती. भाकरीवर ठेचा घालून माझ्यापुढे धरली. समोरच्या ड्रमाकडे बघतच म्हणाली, "त्या टायमाला बाटलीवर ते मोठं लाल अक्षर नसंल. व्हय ना?" मी म्हणाले, "नसंल." ती म्हणाली, "मलाबी तेच वाटलं," आणि गुडघ्यावर हात टेकून उठून गेली. भाकरी अजून माझ्या हातात तशीच आहे.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. गावभेटींच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहिला आहे, घरी जायच्या आधी फाडून टाकीन. मुकादम बाईला खरं नाही सांगू शकले, आणि वर तुलाही मी 'काही लागेना' असंच लिहिलं. अक्षर होतं, माय. आत्ता असतं तसंच, लाल, ठळक, पाचवीच्या पोरीला लागेल एवढं. मी ते सगळ्यात आधी वाचलं होतं. पण एवढ्या मोठ्या बायकांना, काम सुरू व्हायच्या वेळी, 'विष' असं सांगितलं तर तू चारचौघींत माझ्यावर ओरडशील, असं मला वाटलं.